थोरलीचं पान

आमच्या घरच्या नवमीच्या पानाला कावळा शिवत नसे. लग्न होऊन आले त्या पहिल्याच वर्षी मी हे पाहिलं.

नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईसाठी पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला पान वाढतात. आमच्याकडे ते पान माझ्या सासऱ्यांच्या पहिल्या बायकोचं असायचं. माझ्या सासूबाई दुसरेपणावर दिलेल्या. त्या पहाटेपासून रांधायच्या. खीर, वडे, अळूची भाजी, भेंडी, वरणभात, सगळं केळीच्या पानावर मांडून गोठ्याच्या कौलांवर ठेवायच्या आणि खाली हात जोडून उभ्या राहायच्या. एखादा कावळा यायचा, मान तिरकी करून बघायचा आणि उडून जायचा. इतर तिथींना शेजाऱ्यांच्या कौलांवर हेच कावळे भांडून जेवायचे.

मग सासूबाई बोलायला लागायच्या.

"थोरल्या बाय, काय ऱ्हायलं गं? लुगडं पायजे का? दिवाळीला सवाष्णीला देईन तुझ्या नावानं. सून आणलीय, तिच्यावर नजर ठेव, पन वाईट नको ठेवू. ये गं, जेव."

कावळा यायचा नाही. दुपार कलली की पान उतरवून गाईला घालायच्या, जेवायला आलेल्या गावातल्या बायकांना वाढायच्या आणि स्वतः पाण्यावर निजायच्या.

त्यांच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर काळ्या दोऱ्यात एक चांदीचा टाक असे. अंगठ्याच्या नखाएवढा, त्यावर उभी बाई कोरलेली. दुसरेपणाच्या बायकोच्या गळ्यात पहिलीचा टाक बांधतात, म्हणजे मेलेली सवत नव्या नवरीला त्रास देत नाही. हा टाक माझ्या आजेसासूबाईंनी करवून घेतला आणि लग्नाच्या मांडवातच सासूबाईंच्या गळ्यात घातला. सासूबाई घाटावरच्या, मावळातल्या. इकडचं कुणी त्यांच्या ओळखीचं नव्हतं. त्यांना एवढंच सांगितलं होतं, की पहिली तापाने गेली.

पुढे त्यांची पहिली दोन मुलं पाळण्यातच गेली. भगत म्हणाला, थोरलीनं नेली. तेव्हापासून त्या टाकाला पाणी दाखवल्याशिवाय तोंडात घास घालत नसत. नंतर आमचे हे झाले आणि जगले, तेही थोरलीनं सोडले म्हणून, असं त्या मानत. त्यांच्या पोळीचा पहिला तुकडा थोरलीचा, नव्या तांदळाची पहिली मूठ थोरलीची. इतकी वर्षं त्या एका मेलेल्या बाईची मर्जी राखत होत्या आणि त्या बाईचं नावसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. आजेसासूबाई "थोरली" एवढंच म्हणत. सासऱ्यांना विचारायची सोय नव्हती. नवमीला ते पहाटेच शेतावर जायचे आणि अंधार पडल्यावर यायचे. खीर त्यांनी कधी चाखली नाही. आम्हाला वाटायचं, अजून दुःख आहे.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. बोलण्यात मी पहिल्यापासून मागे. सासरी आल्यावर पहिले काही महिने शेजारणींना मी मुकी वाटले होते. पण सासूबाईंजवळ माझी जीभ सुटायची. हे लिहिते आहे ते कुणाला दाखवण्यासाठी नाही. नावं लिहीत नाही, कारण मोठ्यांची नावं घ्यायची सवय नाही, आणि थोरलीच्या नावाचं तर पुढे काय झालं ते सांगणारच आहे.

सासरे माघात गेले. सासूबाईंनी मंगळसूत्र उतरवलं, बांगड्या फोडल्या, कपाळ पुसलं. गळ्यात उरला तो टाक.

दिवस चालू असताना भटजी आमच्या ह्यांना समजावत होते, की आता वडील गेले, तेव्हा नवमी बंद. नवरा असेपर्यंतच ती करायची. यापुढे वडिलांच्या तिथीला थोरल्या आईचंही त्यातच करा, फक्त नाव घ्यावं लागेल. नावाशिवाय पोचत नाही.

कोपऱ्यात घोंगडीवर बसलेल्या सासूबाईंनी ते ऐकलं. रात्री मला जवळ बोलावलं.

"म्हंजे आता ती उपाशी ऱ्हानार?"

"नाव मिळालं तर नाय, आई."

"तरीच कावळा शिवत नव्हता. बिननावाची हाक मारत व्हते मी. कोण येईल?" त्यांनी टाक मुठीत धरला. "तुमी नाशिकला जानार ना अस्थी घेऊन? तिकडं आपल्या घराण्याचे कागद हायेत भटांकडं. आमची सासू गेली व्हती सगळ्यांना घेऊन, मला ठाऊक हाय. तू विचार."

"ह्यांना सांगते."

"तो नाय विचारनार. लाजंल. तू विचार."

मी आणि परक्या पुरुषाला विचारणार! पण त्यांचा चेहरा बघून हो म्हणाले.

नाशिकला नदीपासून थोडं वर, एका गल्लीत आमच्याकडच्या गावांचे उपाध्याय राहायचे. वय झालेलं, अंगावर उपरणं, समोर कमी उंचीचं मेज. भिंतीला लाल फडक्यात बांधलेल्या लांबोळक्या वह्यांची थप्पी. अस्थी सोडून आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, एक वही सोडली आणि आमच्या ह्यांच्या बापाचं, आज्याचं, पणज्याचं आणि त्याच्याही वरचं नाव वाचत गेले. आमचे हे खोपोलीला कारखान्यात नोकरीला. तिथल्या साहेबासमोरही न दबणारा माणूस, पण तिथे मांडी घालून शाळेतल्या मुलासारखा ऐकत होता. आपल्या पणज्याला तीन भाऊ होते हे त्यांना तिथे कळलं.

उपाध्यायांनी वडिलांचं लिहून घेतलं, ह्यांची सही झाली, दक्षिणा झाली. हे उठायला लागले. मी मेजाकडे बघत एकदम बोलले, "थोरल्या सासूबाईंचं नाव पायजे व्हतं."

हे माझ्याकडे बघतच राहिले. उपाध्याय मात्र सहज म्हणाले, "थोरल्या ना? आहेत की. तुमच्या आजेसासूबाई आल्या होत्या तेव्हा ही सून बरोबर होती." त्यांनी नाव वाचलं. पुढे वाचलं, "माहेर कोंडाणे." आणि लेखणी उचलून विचारलं, "तिथी सांगा त्यांची. इथे मोकळी सोडलेली आहे."

तिथी आम्हाला माहीत नव्हती. नवमीला करतो, एवढंच मी सांगितलं.

"मग माहेरच्यांनी सांगितली असेल. कोंडाण्याची घरंही आमच्याकडेच येतात." असं म्हणत त्यांनी दुसरं फडकं सोडलं. बराच वेळ बोट फिरत राहिलं. मग थांबलं. त्यांनी आधीचं पान पाहिलं, परत हे पाहिलं, आणि आवाज खाली आणून वाचलं. भाऊ आपल्या आईच्या अस्थी घेऊन आला होता. त्याने घरची माणसं सांगितली होती. बहीण एक. दिलेली आमच्या गावी, आमच्या घरात. हयात. माहेरीच असते.

"कधीचं आहे हे?" ह्यांनी विचारलं.

उपाध्यायांनी साल सांगितलं. तेव्हा आमचे हे चांगले शाळेत जात होते. त्यानंतरही ती गेल्याची नोंद कुठे नव्हती.

"चुकलं असेल तुमचं."

"लोक सांगतात ते आम्ही उतरवतो," उपाध्याय शांतपणे म्हणाले. "पण सख्ख्या बहिणीला कुणी चुकून जिवंत लिहवत नाही हो."

परतीच्या गाडीत, कल्याण आल्यावर, हे म्हणाले, "आईला नाव सांग. बाकीचं सांगू नको. मोडून पडंल ती. आनि लोक वडलांना नावं ठेवतील आता, मेल्यावर." मी मान हलवली. मला त्यांचं पटलं होतं.

घरी आले तेव्हा सासूबाई दाराकडे डोळे लावून बसल्या होत्या. मी नाव सांगितलं. त्यांनी ते हळूच म्हणून पाहिलं, परत म्हणून पाहिलं. मग टाक हातात घेऊन त्याच्याशी बोलायला लागल्या. "ऐकलंस का गं? आता नावानं हाक मारीन. आता कुठं जाशील? आजच ठेवते पान तुझ्यासाठी, नवमी नसंना का." त्यांचा चेहरा इतका उजळला होता, की माझ्याने राहवलं नाही.

"आई, पान नका ठेवू. त्या हायत."

"हायत म्हंजे?"

"जित्या हायत. कोंडाण्याला. भावाकडं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टाकाकडे पाहिलं. हातातला टाक सोडून दिला. तो छातीवर आपटला. त्या म्हणाल्या, "मग माझी पोरं कुनी नेली?" मग म्हणाल्या, "आनि मग मी कोन गं? ती असताना मी ह्या घरात कोन?"

त्यानंतर टाकाला पाणी दाखवायचं थांबलं, पण दोरा तोडला नाही. जिवंत बाईचा टाक गळ्यात ठेवायचा की काढायचा, हे सांगणारं कुणी नव्हतं. मधेच एकदा भाकरी थापताना त्या एकट्याच हसल्या.

"आख्खं गाव माझी खीर खाऊन जात व्हतं. म्हाताऱ्यांना ठाऊक असनारच. एकीनं पन सांगितलं नाय. खीर चांगली व्हत असंल."

वैशाखात त्यांनी मला सांगितलं, "मला माहेरी ने." विधवा झालेल्या बाईने पहिल्यांदा घराबाहेर पडायचं ते माहेरी जायला, अशी आमच्याकडे रीत. पण त्यांच्या माहेरी मावळात आता कुणी उरलं नव्हतं. मी तसं म्हणाले.

"सवतीचं माहेर त्ये माझंच माहेर. कोंडान्याला ने."

हे चिडले. "कशाला जायचं? ती भांडली म्हंजे? हिस्सा मागितला म्हंजे?"

"मागंल तर देईन," सासूबाई म्हणाल्या. "तुझा बाप देऊन गेला नाय, मी देईन."

खोपोलीहून गाडीने कर्जतला गेलो, तिथून मिळेल त्या वाहनाने पुढे आणि शेवटी पायी. राब भाजून झाले होते, खाचरं काळी पडली होती. सासूबाईंचे गुडघे दुखायचे. दर वळणावर त्या बसायच्या, पण परत फिरू असं म्हणाल्या नाहीत. चालताना एकदाच बोलल्या, "ती ओरडली तर तू मधे पडू नको."

घर सापडायला वेळ लागला नाही. माहेरीच राहिलेली म्हातारी म्हटल्यावर पहिल्याच पोरीने, लेणी बघायला येणाऱ्या मुंबईकरांना ताक आणि करवंदं विकते तीच ना, असं म्हणत बोट दाखवलं. ओटीवर एक बाई बसली होती. उंच, काळीसावळी, हाडं मोठी. पळसाच्या पानांचे द्रोण लावून त्यात करवंदं भरत होती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

तिने वर पाहिलं. आधी सासूबाईंच्या मोकळ्या कपाळाकडे, मग गळ्याकडे. टाकावर तिची नजर थांबली. आम्ही कोण ते आम्हाला सांगावंच लागलं नाही.

"गेलं का?" तिने विचारलं.

"माघात," सासूबाई म्हणाल्या.

तिने हातातला द्रोण खाली ठेवला. मग सरकून जागा केली. "बस धाकटे. लांबनं आलीस. ही सून का? बस गं पोरी. पाय जळलं असतील."

तिच्या भावजयीने पाणी आणलं. आतून तिने सगळं ऐकलं होतं. ती चाचरत म्हणाली, "वन्सं, मग आता कुकू..."

"ते माझं मी बघीन. मला पाळन्यात आयनं लावलंय हे. त्या घराचं नाय."

मी अशी बाई कधी पाहिली नव्हती.

सासूबाईंनी तिला नाशिकच्या वहीतल्या नावाने हाक मारली. घरून निघाल्यापासून त्या ते नाव तोंडात घोळवत होत्या. ती खळखळून हसली.

"त्ये तुझ्या सासूनं ठेवलेलं नाव. त्या नावाची बाई मेली ते खरंच हाय. बाय म्हन मला."

"बाय, मग तू आलीस का नाय परत?"

"गौरीला आले माहेरी आनि ऱ्हायले. तिथं मला भाताच्या कनगीत कोंडून ठेवायची म्हातारी, जरा उलटून बोलले की. पोरसवदा व्हते मी. शिमग्याला ती न्यायला आली तर मी त्या फनसावर चढून बसले." तिने अंगणातल्या झाडाकडे हात केला. "भाऊ म्हनला उतर, बाबा म्हनलं उतर. मी म्हनलं, ती पांदीपलीकडं दिसंनाशी झाली की उतरते. तिनं खालून शिव्या दिल्या, मी वरून फनसाची पिल्लं टाकली."

सासूबाईंच्या तोंडून हसू फुटलं. आजेसासूबाईंना वरून काही टाकून मारणारं कुणी असेल, ही गोष्टच त्यांना नवी होती.

"आनि त्यांनी तुला मेलेली ठरवली, ते तुला ठाऊक?"

"लगेच. टाक केला त्यो सोनार कर्जतच्या बाजारात माझ्या बाबाला भेटला. बाबा रडायला लागलं. मी म्हनलं, रडता काय, बरं झालं. मेलेलीला न्यायला कोन येत नाय." मग तिचा आवाज बदलला. "पन कुनाच्या तरी गळ्यात मला बांधली, ते वाईट वाटायचं. म्हनायची, कोन पोर हाय कुनास ठाऊक. तिला माझं भ्या घालीत असतील."

सासूबाई खाली बघत होत्या. "माझी दोन गेली पाळन्यात. भगत म्हनला, तू नेलीस. मी तुला शिव्या दिल्या, बाय. मग भ्याले आनि हात जोडले. वरीसभर शिव्या, मग सारी वर्सं हात जोडून."

तिने सासूबाईंचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. तिचा पंजा करवंदाच्या चिकाने काळा झालेला होता. "मी कशाला नेईन गं तुझी पोरं? मी हितं शेळ्या राखत व्हते. पोरं जातात. आमच्या भावाची पन गेली. कोन नेत नाय त्यांना."

तेव्हा सासूबाई रडल्या. त्यांना मी सासऱ्यांच्या वेळीही असं रडताना पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं त्या मुलांची आठवण निघाली की आधी थोरलीची भीती पुढे यायची आणि रडायचं राहून जायचं. ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

शेवटी सासूबाईंनी जे विचारायला त्या आल्या होत्या ते विचारलं. "तू हायस. मग त्या घरात मी कोन?"

"आता हे काय विचारनं झालं? चूल कुनी सांभाळली? म्हातारीचं कुनी केलं? पोरगं कुनी वाढवलं? मी तर झाडावर व्हते!" ती म्हणाली. "तूच हायस त्या घरची. मला त्या घराचा धोंडा पन नको."

सासूबाईंनी डोळे पुसले आणि गळ्यातला दोरा डोक्यावरून काढून टाक तिच्यापुढे धरला. तिने तो डोळ्यांजवळ नेला.

"ही मी? नाक बघ, पोपटाचं. त्या मेल्यानं मला बघितलंच नव्हतं."

"घे तुझा तू."

"माझ्याच गळ्यात मी बांधून फिरू? लोक हसतील." तिने टाक पदराने पुसला आणि परत सासूबाईंच्या गळ्यात घातला. "ऱ्हाऊ दे. मला हितं ऱ्हायची सवय झाली."

निघताना तिने करवंदांचे द्रोण बांधून दिले. सासूबाई पायरीवर थांबून म्हणाल्या, "बाय, मी तुझं पान ठेवायची. दर नवमीला. खीर, वडे, सगळं. कावळा शिवायचा नाय. मी म्हनायची, हिचा राग जात नाय."

"कावळ्याला ठाऊक व्हतं," ती म्हणाली, "मी घरी जेवलीय म्हनून."

त्या वर्षी भाद्रपदात, भटजींनी बंद करायला सांगितलेल्या नवमीला सासूबाई पहाटेच उठल्या. मी अळूच्या देठांची सालं काढायला बसले. खीर शिजली, वडे तळले. आमचे हे कामावर जायचे कपडे घालून दारात उभे होते. मग आत गेले, कपडे बदलून आले आणि म्हणाले, "डबा जड व्हईल. मी घेतो."

पावसाने रस्त्यात चिखल होता, ओढ्याला पाणी होतं. ह्यांनी डबा डोक्यावर घेऊन ओढा ओलांडला आणि मग आईला हात दिला. पोचेपर्यंत खीर गार झाली होती. ओटीवर केळीचं पान मांडून सासूबाईंनी सगळं वाढलं, पाण्याचा तांब्या ठेवला, आणि सवयीने हात जोडले.

"हात कशाला जोडतेस? तू पन बस," थोरली म्हणाली. सासूबाई बसल्या नाहीत. त्यांना बघायचं होतं. थोरलीने खीर ओरपली, वडा मोडला, अळू भाताशी कालवलं. मान खाली घालून, भूक लागलेल्या माणसासारखी, ती पूर्ण जेवली. मधे एकदा म्हणाली, "खिरीत गूळ कमी हाय."

"एवढी वर्सं बोलली नाय ती," सासूबाई म्हणाल्या.

फणसावर एक कावळा येऊन बसला होता. थोरलीने वड्याचा शेवटचा तुकडा अंगणात भिरकावला. तुकडा धड खाली पडलाही नव्हता, तोच त्याने झडप घातली.

सासूबाईंनी कमरेवर हात ठेवले.

"आता कसा शिवला मेला!"